पाऊल फिरलं पाहिजे

ज्युदो-कराटे अनवाणी चालतात. पण वुशू या चिनी युद्धकलेचा सराव हॉलच्या कडक फरशीवर असेल, तर पायात काहीतरी हवं. महागडे रनिंग शूज मात्र नकोत. गोल लाथ मारताना जमिनीवरचं पाऊल चवड्यावर गर्रकन फिरावं लागतं. जाड, खाचदार रबर फरशीला धरून बसतं. अंग फिरतं, पाऊल नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. शांघायचे 'फेयुए' बूट वुशूवाल्यांना आवडतात ते कापडी अंगामुळे आणि पातळ, सपाट तळामुळे. आपले शाळेतल्या पीटीचे पांढरे कॅनव्हास बूट त्याच जातीचे. माझ्या मते सुरुवातीला तेच घ्यावेत. दुकानात बूट चवड्यापाशी दुमडून पाहा, मग घालून एका पायावर फिरा. पाऊल अडलं तर दुसरा जोड मागा. रस्त्यावर मात्र ते घालू नका. तळाला चिकटलेल्या वाळूने हॉलमध्ये पाय घसरतो.