कुंडींतील मातीवर गोट्यांचा थर

कुंडींतील झाडाच्या बुडाशीं पांढरे अगर रंगीत गोटे पसरण्याची चाल शहरांतून बरीच रूढ झाली आहे. पुष्कळ लोक ती केवळ शोभेकरितां पाळतात, आणि शेतकरी बंधु तिजकडे श्रीमंतांची हौस म्हणून पाहतात. आमच्या मतें ही गोष्ट निव्वळ हौशीची नाहीं. उन्हाळ्यांत माळावरील दगड उलथून पाहिल्यास, भोंवतालची जमीन कोरडी असतांहि, त्याखालीं ओल सांपडते, हा शेतकऱ्याच्या नित्य अनुभवांतील प्रकार आहे. याच तत्त्वावर चीनमधील गान्सू प्रांतांतील शेतकरी अल्प पावसाच्या शेतांवर वाळू व गोटे पसरून शेंकडों वर्षें खरबुजें पिकवीत आले आहेत. स्पेनच्या लान्झारोटे बेटावर इ. स. १७३० ते १७३६ या काळांत ज्वालामुखीचे स्फोट होऊन जमीन काळ्या खड्यांखालीं गाडली गेली. तेथील लोकांनीं त्या थरांत खड्डे घेऊन द्राक्षवेली लावल्या, व त्याच थरानें ओल राखून त्या जगविल्या.

थराचें कार्य. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल वर चढते व उन्हावाऱ्यानें उडून जाते. खड्यांमधील पोकळ्या मोठ्या असल्यानें ही चढण तेथें तुटते. शिवाय झारीचें पाणी मातीवर थेट न आदळल्यामुळें पृष्ठभागावर पापुद्रा धरत नाहीं, व मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहींत.

धोका कोठें आहे? कुंडींतील झाडें जशीं तहानेनें मरतात, तशींच फाजील पाण्यानेंहि मरतात. वरचे गोटे घटकाभरांत वाळतात. ते पाहून मालक पुन्हा पाणी घालतो, आणि खालीं चिखल होऊन मुळें कुजूं लागतात. पानें मलूल झालीं कीं झाड तहानलें असें समजून आणखी पाणी दिलें जातें! तुळशीस रोज पाणी घालण्याचा आपला प्रघात आहे. म्हणून तुळशीच्या कुंडींत हा थर घालूं नये, हें उत्तम. इतर कुंड्यांत बोट दोन इंच खुपसून ओल पाहावी, अथवा मातीच्या कुंडीवर टिचकी मारावी. आवाज खणखणीत आल्यास माती कोरडी, बद्द आल्यास ओली समजावी.

निवड. संगमरवरी खडे चुनखडीच्या जातीचे असतात व त्यांतील चुना हळूहळू मातींत उतरतो. अनंतासारख्या आम्लधर्मी जमीन मानवणाऱ्या झाडांचीं पानें त्यामुळें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खड्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावे. बारीक बुडबुडे आल्यास तो खडा अशा झाडांस वर्ज्य करावा. गारगोटीस ही हरकत नाहीं. समुद्रकांठचे गोटे गोड्या पाण्यांत वारंवार धुतल्यावांचून वापरूं नयेत, आणि ज्यांचा रंग पाण्यांत उतरतो ते मुळींच घेऊं नयेत. महाग गुळगुळीत गोट्यांचीच आवश्यकता आहे असें नाहीं. काळ्या दगडाची, सिमेंट न लागलेली बारीक खडी धुऊन घेतल्यास तेंच काम होतें.

रीत. दहा इंच तोंडाच्या कुंडीस पाव ते अर्धा इंच आकाराचे सुमारें एक किलो खडे पुरतात. त्यांचा थर अर्धा इंच होतो. तो मावण्यासाठीं माती कांठापासून दीड इंच खालीं ठेवावी. खोडाभोंवतीं दोन बोटें जागा मोकळी सोडावी. कोरफड, अडेनियम यांसारख्या मांसल झाडांस मात्र खडे खोडापर्यंत घालणें हितकर असतें. ओली माती खोडास न चिकटल्यानें तें कुजत नाहीं. महिन्यातून एकदां खडे बाजूस सारून माती हलवावी व लागल्यास खत द्यावें. निचऱ्यासाठीं तळाशींहि गोटे भरण्याची चाल आहे, ती सोडावी. वरची माती पुरती भिजल्यावांचून पाणी त्या पोकळ्यांत उतरत नाहीं, आणि मुळांची जागा मात्र कमी होते. छिद्रावर एक खापर पुरे.

आमच्या वाचकांनीं येत्या उन्हाळ्यांत एकाच जातीच्या व वयाच्या झाडांच्या दोन कुंड्या शेजारीं ठेवाव्या. एकीवर थर घालावा, दुसरी उघडी राखावी, आणि प्रत्येकीस दर आठवड्यास किती तांबे पाणी लागलें याची नोंद करावी. पाण्याच्या टंचाईच्या दिवसांत ही नोंद आमच्या लेखापेक्षां अधिक पटेल.