नेटवर्कवर दवंडी पिटतंय कोण?

पलूस तालुका जितका उसाचा, तितकाच कारखान्यांचा. किर्लोस्करवाडी १९१० पासून यंत्रं घडवते, भिलवडीत १९३९ पासून चितळ्यांची डेअरी आहे, कुंडलला साखर कारखाना आहे. आजच्या कारखान्यात, डेअरीत, पतसंस्थेत वजनकाट्यापासून बिलापर्यंत सारं नेटवर्कवर चालतं आणि त्यामागे बऱ्याचदा एखादा युनिक्स किंवा लिनक्स सर्व्हर असतो. हाच सर्व्हर कधीकधी गरज नसताना गावभर दवंडी पिटत राहतो. या दवंडीला म्हणतात ब्रॉडकास्ट. ती पिटणारा शोधायला निघालात, तर या गोष्टी ठाऊक हव्यात.

बारा वेळा 'एफ'
ब्रॉडकास्टचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाला दिलेला पत्ता) म्हणजे ओळीने बारा 'एफ', म्हणजेच ४८ च्या ४८ बिट 'एक'. या पत्त्यावरचं पाकीट (पॅकेट) आलं की त्या नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला हातातलं काम क्षणभर सोडून ते बघावंच लागतं. नुकसान फक्त तारेचं नसतं, सगळ्यांच्या वेळेचं असतं.

प्रत्येक ब्रॉडकास्ट वाईट नसतो
'हा आयपी पत्ता कुणाचा?' असं विचारणारा एआरपी १९८२ साली डेव्हिड प्लमर यांनी मांडला. तो ब्रॉडकास्टवरच चालतो. नव्या यंत्राला पत्ता मिळवून देणारा डीएचसीपीही तसाच. सरसकट सगळं बंद केलं तर नेटवर्कच ठप्प होईल.

जुने बडबडे
'आरहूडी' ही युनिक्समधली जुनी सेवा. यंत्रावर कोण बसलंय, ते दर ३ मिनिटांनी सगळ्यांना सांगायची. 'राउटेड' दर ३० सेकंदांनी रस्त्यांची यादी वाचतो. प्रिंटर सांभाळणारा कप्सही आपल्या प्रिंटरांची जाहिरात अशीच करायचा. २०१२ च्या १.६ आवृत्तीत ती सवय काढून टाकली. जुना सर्व्हर वर्षानुवर्षं तसाच चालू असेल, तर पहिला संशय यांच्यावर घ्या.

शून्य की एक?
१९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये ब्रॉडकास्टचा आयपी पत्ता शून्यांनी संपायचा. १९८४ मध्ये ठरलेल्या नियमाने तो एकांनी संपू लागला. दोन्ही प्रकारची यंत्रं एकाच तारेवर आली की जुन्यांना नवा पत्ता ओळखूच यायचा नाही. मग ती सगळी एकदम 'हा कोण?' असं ओरडत आणि वादळ उठे. अशी वादळं उठवणाऱ्या पाकिटाला त्या काळच्या तंत्रज्ञांनी 'चेर्नोबिल पॅकेट' असं नावच देऊन टाकलं.

एक पिंग, शेकडो उत्तरं
१९९० च्या दशकाच्या अखेरीस 'स्मर्फ' हल्ल्यांनी धुमाकूळ घातला. दुसऱ्याच्या नावाने ब्रॉडकास्ट पत्त्यावर पिंग, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं पाकीट, धाडायचं. सगळी यंत्रं उत्तर देणार आणि तो दुसरा त्याखाली गुदमरणार. १९९९ मध्ये नियम बदलला: बाहेरून आलेला असा ब्रॉडकास्ट राउटरने आपणहून पुढे सोडायचा नाही.

चोर असा पकडा
हत्यार फुकट आहे: नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारा टीसीपीडम्प, जन्म १९८८, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा. त्याला फक्त ब्रॉडकास्ट दाखवायला सांगा आणि एआरपी वगळा. पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता मिळेल. त्यातले पहिले तीन बाइट बनवणाऱ्या कंपनीचे असतात. ०८:००:२० दिसलं तर ते सन मायक्रोसिस्टिम्सचं यंत्र. तो मॅक स्विचच्या कुठल्या पोर्टवर (केबलच्या खाचेत) आहे, ते स्विचच्या तक्त्यात सापडतं. तिथली केबल धरून सर्व्हरपर्यंत पोहोचा. पाकिटावर यूडीपी पोर्टचा क्रमांकही असतो (हा पोर्ट केबलचा नाही, प्रोग्रॅमचा): आरहूडी ५१३, राउटेड ५२०, कप्स ६३१, विंडोजशी फायली वाटून घेणारा साम्बा १३७ आणि १३८. सर्व्हरवर 'एसएस' किंवा 'एलएसओएफ' ही आज्ञा चालवली की त्या पोर्टमागचा प्रोग्रॅम नावानिशी समोर येतो. तो नको असेल तर थांबवा, आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर आपोआप चालू होणार नाही, हेही बघा. ही शेवटची पायरी राहिली, तर पुढच्या लोडशेडिंगनंतर तोच त्रास परत.

सर्व्हरला दोष देण्याआधी
एकच केबल दोन्ही टोकांनी स्विचमध्ये खोचली असेल, तर एकच ब्रॉडकास्ट गोल गोल फिरत राहतो, कारण इथरनेटच्या पाकिटाला आयुष्याची मर्यादा नसते. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला. स्विचमध्ये तो चालू आहे ना, हे आधी तपासा.

पुढच्या पिढीत दवंडीच नाही
आयपीव्ही ६ मध्ये ब्रॉडकास्ट ठेवलेलाच नाही. ज्यांचा संबंध आहे त्या गटालाच हाक जाते.

पलूस-किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांत संगणक सांभाळणाऱ्या मुलामुलींना एक आग्रहाचं सांगणं. फिल्टर लावून आवाज दाबू नका, मूळ सेवा बंद करा. व्यवस्थापनाची परवानगी घ्या, पाच मिनिटं टीसीपीडम्प चालवा आणि जे सापडेल ते वहीत लिहून ठेवा. नेटवर्क 'स्लो' झालं म्हणून नवा स्विच विकत घेण्याआधी एवढं कराच.