पडद्यावरचे रंग (भाग ७) : लाल पडलेला अल्बम

गेल्या आठवड्यात आपण हिस्टोग्राम वाचायला शिकलो. आता तो कामाला लावू.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतले लग्नाचे अल्बम आज उघडले, की अख्खा मांडव तांबूस दिसतो. नवरीचा हिरवा चुडा तपकिरी, मामांचे काळे केस विटकरी, भटजींचं उपरणं पिवळट. अल्बम कपाटात होता, ऊन लागलं नाही, मग असं का? रंगीत प्रिंटमध्ये सायन, मॅजेंटा आणि पिवळा अशा तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या बऱ्याच कागदांवरचं सायन अंधारातसुद्धा, नुसत्या उष्म्यानं आणि दमट हवेनं विरत जातं. सायनचं काम लाल प्रकाश शोषून घेण्याचं. म्हणजे फोटोत लाल रंग कुणी ओतलेला नाही, त्याला अडवणारा निघून गेलाय.

एवढं ध्यानात आलं तरी बहुतेकांचा हात कलर बॅलन्सकडेच जातो. स्लायडर सायनकडे ढकलला, की केस जरा सुधारतात, पण तोवर उपरण्यावर निळी-हिरवी झाक चढते. सायन जिथं मुळात भरपूर होतं तिथूनच जास्त गेलं : केसांतून, कोटातून, सावल्यांतून. उपरण्यात ते जवळपास नव्हतंच, तर जाणार कुठून?

म्हणून लेव्हल्स. गिंप असो वा फोटोशॉप, लेव्हल्सच्या खिडकीत वर चॅनेल निवडायची सोय असते, तिथं 'रेड' घ्या. डावीकडचा भाग रिकामा दिसेल. समजा, ९० पर्यंत काहीच नाही. याचा अर्थ फोटोत खरा काळा उरलेलाच नाही. डावीकडचा काळा त्रिकोण आलेख सुरू होतो तिथवर सरकवा. केस काळे होतात आणि उपरणं जागचं हलत नाही. मग 'ब्लू'. इथं बहुधा उजवं टोक रिकामं असतं, कारण पांढरा पिवळा पडलाय; पांढरा त्रिकोण आत आणा. 'ग्रीन'ला सहसा थोडकंच लागतं. शेवटी रेडचा मधला त्रिकोण चेहरे बघत हलवा. गोरा असो की सावळा, चेहऱ्यावर कलर पिकर टेकवला की आकडे लाल, हिरवा, निळा अशा उतरत्या क्रमानं यायला हवेत. हिरव्यानं लालला गाठलं, की माणूस आजारी दिसू लागतो.

गिंपमधलं ऑटो व्हाइट बॅलन्स हेच करतं : प्रत्येक चॅनेलच्या दोन्ही टोकांचे ०.०५ टक्के पिक्सेल सोडून बाकीचा पट्टा ताणतं. गर्दीच्या फोटोवर ते झकास चालतं. चौकटभर नवरीचा लाल शालूच असला, तर मात्र ते शालूलाच दोषी धरतं!

एक पथ्य मात्र स्कॅन करतानाच पाळायचं. साध्या जेपेगमध्ये दर चॅनेलला २५६ पायऱ्या. ९० ते २५५ या १६६ पायऱ्या ताणून २५६ वर बसवल्या, तर मध्ये फटी पडतात आणि गालांवर, आकाशात पट्टे उमटतात. तेव्हा स्कॅनरवर ४८ बिट कलर निवडा आणि फाइल टिफमध्ये ठेवा. गिंप वापरणार असाल तर २.१० किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या. त्याआधीच्या आवृत्त्या हा जादा तपशील उघडतानाच टाकून देतात.

धूळ, ओरखडे आणि बुरशीचे ठिपके पुढच्या आठवड्यात.