फुकट आणि मुक्त : डेटाबेसच्या परवान्याविषयी थोडेसे

धर्मादाय संस्थेत वावरणाऱ्या माणसास दानपत्र वाचण्याची सवय असते. कोणी धर्मशाळा बांधून देतो आणि वाटसरूकडून भाडे घेऊ नये, अशी अट घालतो. दान हाती आले म्हणून अट संपत नाही. संगणकाच्या जगातही असेच दानपत्र असते. त्यास परवाना म्हणतात. लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या भागांतील मुले आज नागपूर-पुण्यास जाऊन प्रोग्राम लिहितात, स्वतःचा धंदा मांडू पाहतात. त्यांच्याबरोबर घरच्या वडीलधाऱ्यांसही हा विषय कळावा, एवढ्याचसाठी हा लेख.

समजा, आपल्यापैकी एकाने संत्र्याच्या व्यापाऱ्यांसाठी प्रोग्राम लिहिला. कोणत्या बागेतून किती माल आला, उचल किती दिली, बाकी किती राहिली, हे सारे त्यात दिसते. या नोंदी ज्यात सुरक्षित राहतात ते कपाट म्हणजे डेटाबेस. ते स्वतः घडविणे एकट्याच्या आवाक्यातले नाही. म्हणून तो मुक्त डेटाबेस घेतो. मुक्त म्हणजे ज्याचा सोर्स कोड, अर्थात मूळ लिखाण, सर्वांस खुले आहे आणि जो वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची परवानगी आहे. त्यावर पैसा मिळविण्यास मुळीच मनाई नाही. प्रश्न पैशाचा नाही, अटीचा आहे. आणि अटी सर्वत्र सारख्या नाहीत.

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचा उगम १९८६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत झाला. त्याचा परवाना फार उदार आहे. मूळ हक्काची सूचना व जबाबदारी नाकारणारा मजकूर प्रतीबरोबर ठेवला की पुरे. आपला सोर्स कोड कोणास दाखवावा लागत नाही. एंटरप्राइझडीबी ही कंपनी याच डेटाबेसवर व्यवसाय करते व तिचे कार्यालय पुण्यातही आहे. एसक्यूलाइट तर याहून पुढे गेला. त्याच्या कर्त्यांनी त्यावरील हक्कच सोडून दिला आहे. आपल्या खिशातील मोबाइलमध्येही तो असतो.

मायएसक्यूएलची गोष्ट वेगळी. २००० सालापासून तो जीपीएल या परवान्यावर मिळतो. स्वतःच्या कचेरीत वापरा, काही अट नाही. पण त्याचा कोड आपल्या प्रोग्रामात मिसळून ती वस्तू दुसऱ्यास दिली, तर आपला सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. ते नको असल्यास मालक कंपनीकडून वेगळा परवाना विकत घ्यावा. ही मालकी २००८ मध्ये सन कंपनीकडे व २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ साली त्याच कोडवरून मारियाडीबी सुरू केला. पहिल्यास थोरली मुलगी माय हिचे, दुसऱ्यास धाकटी मारिया हिचे नाव! मारियाडीबीही जीपीएलवरच आहे. मात्र प्रोग्राम त्याच्याशी जोडणारी लायब्ररी एलजीपीएल या सौम्य परवान्यावर मिळते.

अटी पुढे बदलतातही. मोंगोडीबीने २०१८ मध्ये परवाना बदलला. तो डेटाबेसच सेवा म्हणून इतरांस पुरविणाऱ्याने ती सेवा चालविण्याचा सारा सोर्स कोड खुला करावा, अशी नवी अट आली. पूर्वी निघालेल्या आवृत्त्या मात्र जुन्याच अटींवर राहिल्या.

म्हणून धंदा मांडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. प्रोग्राम आपल्याच सर्व्हरवर चालणार, की गिऱ्हाइकाच्या हाती जाणार? त्याच्याबरोबर डेटाबेसही देणार काय? आणि कोणती आवृत्ती, कोणत्या परवान्यावर? उत्तरे लिहून ठेवावीत. शंका उरल्यास जाणत्या वकिलास विचारावे. वीस व्यापाऱ्यांस प्रोग्राम विकून झाल्यावर अट ध्यानात आली, तर मोजक्याच वाटा उरतात : वर्षांच्या मेहनतीचा कोड खुला करावा, वेगळा परवाना मिळत असल्यास तो विकत घ्यावा, किंवा डेटाबेस बदलून पुन्हा सारी मांडणी करावी.

ज्यांनी आपले श्रम जगास खुले केले, त्यांची अट पाळणे हे निव्वळ कायद्याचे काम नव्हे. दात्याचे दानपत्र आपण ज्या आदराने वाचतो, त्याच आदराने आमच्या मुलांनी परवाना वाचावा. धंदाही टिकेल आणि सचोटीही.