फराळाचा डबा ३२० रुपयांना पडला कसा?

समजा, दुकानदाराला दिवाळी फराळाचा एक डबा ३२० रुपयांना पडतो: लाडू १२०, चकली ८०, चिवडा ६०, रिकामा डबा ४०, भरण्याची मजुरी २०. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मॅन्युफॅक्चरिंग जर्नल’ची नोंद केली की लाडू-चकली साठ्यातून वजा होतात आणि ‘फराळ डबा’ ही एकच वस्तू उरते. साठ्याच्या यादीत मग नुसते ३२० दिसतात. फोड हवी तर जर्नलमधली ती नोंदच उघडावी. ‘बिल ऑफ मटेरियल्स’ला आजचे भाव लावणारे इथेच फसतात, त्यात कोणता माल किती लागतो एवढंच असतं. चिवडा नंतर महागला, तरी आधी भरलेल्या डब्यातला चिवडा जुन्याच दराचा. आणि मजुरी? ती लिहायची हमखास राहते, मग डब्यावरचा नफा उगाच फुगलेला दिसतो.