चातुर्मासात काय सोडायचं, हे ठरवायचं कसं?

आषाढी एकादशी जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर विठ्ठलाच्या फोटोसोबत आणखी एक गोष्ट दिसायला लागते: 'आजपासून कांदा-लसूण बंद'. कुणी वांगं सोडतं, कुणी मासे, कुणी चहा. हल्ली कुणी रील्ससुद्धा सोडतं. पण चातुर्मासात नेमकं काय सोडायचं, हे कोण ठरवतं? आणि आपण कसं ठरवायचं?

चातुर्मास किती दिवसांचा?

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चार महिने. मध्ये अधिक महिना आला तर पाच. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे तेव्हा नेम धरणाऱ्यांना महिनाभर जास्त काढावा लागला.

या काळाच्या आधी मनसोक्त खाऊन घ्यायची पद्धतही आहे. एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी येते. त्या दिवशी कांदाभजी आणि वांग्याचं भरीत ठरलेलं. श्रावणाच्या आदल्या दिवशी गटारी असते, तिची ओळख करून द्यायची गरज नाही.

यादी आली कुठून?

व्रतं आणि सणांचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांमध्ये 'धर्मसिंधु' हे मोठं नाव. तो 1790 मध्ये काशिनाथ उपाध्याय यांनी लिहिला. ते पंढरपूरचे, पण त्यांचं घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातल्या गोळवलीचं.

शास्त्रातला क्रम असा: पहिल्या महिन्यात भाजी, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात डाळी-कडधान्यं सोडायची. म्हणजे दर महिन्याला वेगळी वस्तू. आज हा क्रम फार कमी घरांत पाळला जातो. बहुतेक जण आपल्याला झेपेल असा एखादा नेम निवडतात.

रत्नागिरीत प्रश्न माशांचा

इथे 'काय सोडलंस?' याचं उत्तर बहुतेक वेळा मासेच असतं. काही जण पूर्ण श्रावण पाळतात, काही नारळी पौर्णिमेपर्यंत, तर काही गणपती विसर्जनापर्यंत. पण कोकणातल्याच काही घरांत गौरीला मटणाचा किंवा माशांचा नैवेद्य असतो. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच आठवड्यात, दोन घरांचे नियम एकदम उलटे असू शकतात आणि दोन्ही परंपरेचेच असतात.

यात आणखी एक गंमत आहे. राज्यात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. कारण हा माशांच्या प्रजननाचा काळ. या दिवसांत ताजे मासे कमी आणि महाग, त्यामुळे घरोघरी सुकट, बोंबील आणि सोडे निघतात. 2025 मध्ये श्रावण 25 जुलैला सुरू झाला आणि बंदी 31 जुलैला संपली. म्हणजे मिरकरवाड्याच्या बोटी समुद्रात जायला मोकळ्या झाल्या, तेव्हा अनेक गिऱ्हाइकांचा श्रावण सुरू झालेला होता. आपला नेम आपल्या ताटापुरता नसतो, तो मासे विकणारीच्या टोपलीपर्यंत पोहोचतो.

ख्रिस्ती समाजात काय करतात?

ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोक उपवासकाळ पाळतात, म्हणजेच लेंट. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. रविवार वगळले तर हे 40 दिवस भरतात. 'यंदा काय सोडणार?' हा प्रश्न तिथेही असतोच. आणि आधीची मजा म्हणून गोव्यात कार्निव्हल.

फरक ताटात आहे. कॅथलिक नियमात शुक्रवारी मांस चालत नाही, पण मासे चालतात! श्रावणात जो बांगडा वर्ज्य, तोच लेंटमध्ये चालतो.

पण लेंटमध्ये तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: उपवास, प्रार्थना आणि दानधर्म. नुसतं सोडून भागत नाही, द्यावंही लागतं.

आपल्याकडे 'देणं' होतं का?

होतं, आणि अगदी ठरवून दिलेलं होतं. चातुर्मास संपताना जी वस्तू सोडली, तिचं किंवा तिच्या जोडीच्या वस्तूचं दान करायचं. जमिनीवर झोपण्याचं व्रत केलं असेल तर अंथरूण-पांघरूण द्यायचं. मौन पाळलं असेल तर घंटा द्यायची. तुम्ही चार महिने ज्याच्याशिवाय राहिलात, ते दुसऱ्याला मिळायला हवं, असा हा हिशोब.

आज 'सोडलं'चा स्टेटस पडतो, पण 'दिलं'चा भाग बहुतेक गळून गेला आहे.

मग ठरवायचं कसं?

- रोज लागणारी गोष्ट निवडा. वर्षातून दोनदा खाता ते वांगं सोडून काही जाणवणार नाही.
- त्रास तुम्हाला व्हायला हवा, दुसऱ्याला नाही. कांदा-लसूण तुम्ही सोडलात आणि घरातल्या बाईला रोज दोन वेगळ्या भाज्या कराव्या लागल्या, तर नेम तिचा झाला. तुमची भाजी तुम्ही करा, किंवा दुसरं काहीतरी सोडा.
- तब्येत बघा. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण चुकवलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अशांनी आणि गरोदर महिलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. कॅथलिक नियमातही आजारी माणसाला उपवासातून सूट आहे.
- नेम मोजता येईल असा ठेवा. 'मोबाइल कमी वापरणार' हा नेम नव्हे. 'रात्री नऊनंतर रील्स नाहीत' हा नेम.
- वाचलेलं कुठे जाणार, ते पहिल्याच दिवशी ठरवा. रोजचा 20 रुपयांचा वडापाव सोडला तर 120 दिवसांचे 2,400 रुपये होतात. एखाद्या मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघू शकतो. रील्स सोडले तर वेळ वाचतो, तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाला देता येतो.

म्हणून या वेळी 'काय सोडलंस?' असं कुणी विचारलं, तर उत्तर देऊन झाल्यावर त्यालाही एक प्रश्न विचारा: 'आणि कुणाला देणार?'