आंतरसंस्था तुलना आज्ञावली

एखाद्या उद्योगसंस्थेच्या आर्थिक व तांत्रिक कार्याची त्याच उद्योगातील समव्यवसायी संस्थांशी गुणोत्तरांच्या द्वारे तुलना करून देणारी संगणकीय आज्ञावली. ताळेबंदातील आकडा एकटा असताना मुका असतो. अमुक कारखान्याचा प्रक्रियाखर्च जास्त की कमी, हे इतरांच्या खर्चाशेजारी तो मांडल्यावरच कळते. संगणकापूर्वीही ही पद्धत रूढ होती. अमेरिकेत अलेक्झांडर वॉल यांनी १९१९ मध्ये ९८१ संस्थांच्या ताळेबंदांवरून गुणोत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये १९५९ साली आंतरसंस्था तुलनेसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. सभासद संस्थांची नावे गुप्त राखून त्यांना केवळ आकडे पुरविणे, ही त्याची पद्धत होती.

आज्ञावली प्रथम सर्व संस्थांचे हिशेब एका समान नमुन्यात बसविते, नंतर समव्यवसायी गट निवडते, गुणोत्तरे काढते आणि गटाचा मध्यक व चतुर्थके यांच्या संदर्भात प्रत्येक संस्थेचे स्थान दाखविते. माध्याऐवजी मध्यक घेण्याचे कारण असे की, एखाददुसऱ्या अतिमोठ्या किंवा आजारी संस्थेमुळे माध्य सहज विचलित होतो. यांतील गणित सोपे आहे. खरी अडचण व्याख्यांची असते, आणि म्हणूनच आज्ञावलीसोबतच्या माहितीपुस्तिकेस फार महत्त्व आहे. प्रत्येक आकडा कोठून घेतला, कोणत्या तारखेचा आहे आणि त्यात कोणती दुरुस्ती केली, यांची नोंद पुस्तिकेत नसेल, तर गुणानुक्रम पाहणाऱ्याची दिशाभूल होते.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील साखर कारखाने हे याचे उत्तम उदाहरण होय. रेठरे बुद्रुक येथील कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळे येथील राजारामबापू पाटील आणि सांगलीचा वसंतदादा पाटील हे सहकारी कारखाने कृष्णाकाठच्या एकाच पट्ट्यात आहेत. तुलनेस याहून सोयीचा गट क्वचितच आढळेल. तथापि ‘प्रोवेस’सारखे माहितीसंच मुख्यतः कंपन्यांच्या अहवालांवर उभारलेले आहेत. सहकारी कारखाने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेले असल्यामुळे त्यांची माहिती वार्षिक अहवाल व गाळप अहवाल यांतून वेगळी जमवावी लागते. सांगलीच्या हळद बाजारातील वैयक्तिक मालकीच्या अडत-पेढ्यांबाबत तर तेवढेही शक्य नाही. त्यांचे हिशेब प्रसिद्धच होत नाहीत.

कारखान्यांच्या तुलनेत साखर उतारा हे सर्वांत संवेदनशील गुणोत्तर आहे. समजा, दोन कारखान्यांनी सारख्याच प्रतीचा प्रत्येकी १० लाख टन ऊस गाळला. पहिल्याने सर्व साखर काढून १·२ लाख टन उत्पादन घेतले. त्याचा उतारा १२ टक्के. दुसऱ्याने बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळविली व साखर १·०५ लाख टन निघाली. उतारा १०·५ टक्के. वळविलेल्या साखरेची भर न घालणारी आज्ञावली दुसऱ्यास अकार्यक्षम ठरवील, वास्तविक त्याची कार्यक्षमता तेवढीच आहे. ही चूक कागदापुरती राहत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी रास्त व किफायतशीर दर १०·२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रु. असून त्यापुढील प्रत्येक ०·१ टक्क्यास ३·४६ रु. वाढ मिळते. त्या हिशेबाने १·५ टक्क्याचा फरक म्हणजे टनामागे ५१९ रु. होतो. म्हणून दर ठरविताना इथेनॉलमुळे आलेली उताऱ्यातील घट मिळविली जाणे ऊस उत्पादकाच्या दृष्टीने अत्यावश्यक ठरते, आणि आज्ञावलीनेही तोच नियम पाळावयास हवा.

कालखंडाचाही प्रश्न आहे. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, साखर वर्ष मात्र ऑक्टोबर ते सप्टेंबर असते. मार्चअखेर गोदामांत मोठा साठा पडून असतो. त्याचे मूल्यांकन कोणत्या दराने केले यावर त्या वर्षीचा नफा बराच अवलंबून राहतो. दोन कारखान्यांची मूल्यांकनपद्धती भिन्न असल्यास नफ्याच्या गुणोत्तरांची तुलना निरर्थक होय.

गटनिवडीत भूगोल विसरून चालत नाही. आटपाडी, जत, माण व खटाव हे तालुके पर्जन्यछायेत मोडतात. तेथील कारखान्यास पुरेसा ऊस न मिळाल्यास क्षमतेचा वापर घटतो, ऊस दुरून आणल्यास तोडणी व वाहतुकीचा खर्च वाढतो. हा खर्च महाराष्ट्रात उसाच्या दरातून वजा होत असल्याने त्याची झळ उत्पादकास लागते. अशा कारखान्यास वाळवे किंवा कराड तालुक्यातील कारखान्यांच्या पंक्तीस बसविले, तर व्यवस्थापनाचा दोष व पावसाचा दोष वेगळे करता येत नाहीत. उलटपक्षी, केवळ दुष्काळी कारखान्यांचाच गट केला, तर सर्वांचीच सुस्ती झाकली जाण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही गट शेजारी दाखवावेत. वाफेचा वापर, चिपाडातून जाणारी साखर व गाळप बंद राहिल्याचे तास ही तांत्रिक गुणोत्तरे पर्जन्यमानावर तुलनेने कमी अवलंबून असतात, म्हणून दूरच्या कारखान्यांशीही ती ताडून पाहता येतात. बंद राहिल्याच्या तासांतून ऊसटंचाईमुळे गेलेले तास मात्र आधी वगळावे लागतात.